तार गेली, ‘लाइन’ राहिली

सिस्कोच्या स्विचवर आपण ‘लाइन व्हीटीवाय ० ४’ अशी आज्ञा देतो, तेव्हा तिथे लाइन कुठली असते? कुठलीच नाही. व्हीटीवाय म्हणजे व्हर्च्युअल टेलिटाइप. टेलिटाइप मात्र खरंखुरं यंत्र होतं. १९६३चं मॉडेल ३३ घ्या: कागदाचा रोल, खडखडणारा कळफलक, सेकंदाला फार तर १० अक्षरं. प्रत्येक यंत्राला एक तार, तारेच्या टोकाला एक माणूस. संगणकावर किती जण बसू शकतात, ते तारा मोजून कळायचं.

१९६९ साली आर्पानेटसाठी टेलनेटचा पहिला आराखडा लिहिला गेला. पुढे तार गेली, मोजणी राहिली. ० ते ४, म्हणजे पाच जागा. आता बघा, पाच जण लॉगिन करून तसेच जेवायला गेले, तर सहाव्याला दार बंद. मग तो नेटवर्क पडलं म्हणून धावत आलेला का असेना! म्हणून दहा मिनिटं हालचाल नसली की सेशन तोडायचं, ही सिस्कोची मूळ सेटिंग. ती शून्य करून ठेवण्याची सवय आम्हाला तरी घातक वाटते. अगदीच अडलं तर कन्सोलची केबल घेऊन स्विचपाशी जायचं. ती लाइन अजून खरी तार आहे.

टेलनेटवर पासवर्ड उघडाच जायचा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर असे पासवर्ड चोरले गेले, आणि तिथल्याच टाटू यलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. स्विचवर चाव्या तयार करून त्याच व्हीटीवाय लाइनखाली ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’ लिहिलं, की टेलनेटला दार उघडत नाही.