पिशवी काढणे आणि राखणे

माझ्या दवाखान्यात बायकांचा ठरलेला प्रश्न असतो, "डॉक्टर, पिशवी काढल्याशिवाय नाहीच का भागणार? तुमच्या गोळ्या द्या ना." गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मी गोळ्या देत नाही, सर्जनकडे धाडतो. पण प्रश्नाचा पूर्वार्ध रास्त आहे.

१८९८ साली व्हिएन्नात अर्न्स्ट वेर्टहाइम यांनी पोट उघडून गर्भाशय, भोवतालच्या ऊती, योनीचा वरचा भाग आणि वाढलेल्या लसिकाग्रंथी काढायला आरंभ केला. सुरुवातीच्या कित्येक बायका दगावल्या. तरी १९१२ साली त्यांनी ५०० शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. जितके अधिक काढावे तितके बरे, ही समजूत पुढे फार काळ टिकली.

१९८७ साली फ्रान्समधल्या लियाँ शहरी डॅनियल दार्जां यांनी निराळी वाट धरली. गाठ लहान असेल, तर मुख आणि लगतच्या ऊती काढून गर्भाशय राखायचे. पण मुख गेल्यावर गर्भ तोलायचा कोणी? म्हणून तिथे टाका घालतात. श्रोतेहो, गर्भाशयमुखाचा टाका १९५५ साली प्रसिद्ध केला तो डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी, आपल्या गोव्यातल्या शिरोड्याच्या सुपुत्राने. त्यांचा हेतू गर्भपात टाळण्याचा. कर्करोगाशी त्याचा संबंध नव्हता.

मात्र ही सवलत साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला. आमच्यापैकीच कुणाच्या गोळ्यांवर सहा महिने घालवून आलेल्या बाईला ती बहुधा मिळत नाही.