तीस तासांची रेघ

नवीन ओळख झाली की आपल्या मंडळींचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "तुम्ही मूळचे कुठले?" आणि "इथे काय करता?" दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला पुष्कळदा, विशेषतः भगिनीवर्गाकडून, एक शेपूट जोडलेले असते: "तसं काही नाही हो, पार्टटाइम आहे." हे 'तसं काही नाही' आले कुठून? पूर्णवेळ ती खरी नोकरी आणि अर्धवेळ ते हातखर्चापुरते काम, हा भेद नुसत्या तासांचा आहे की आणखी कशाचा? याचे उत्तर थोडे इतिहासात शोधावे लागते.

अर्धा वेळ ठरण्याआधी पूर्ण वेळ ठरावा लागतो, आणि तो इथे भांडूनच ठरला. १८७२ साली हॅमिल्टन, मॉन्ट्रियल, टोरॉन्टो या शहरांत नऊ तासांच्या दिवसाची चळवळ उभी राहिली. मार्चमध्ये टोरॉन्टोच्या छापखान्यांतील कामगारांनी आठवड्याला ५४ तासांच्या मागणीसाठी संप केला. १५ एप्रिलला क्वीन्स पार्कवर सुमारे दहा हजार माणसे जमली. 'ग्लोब' वृत्तपत्राचे मालक जॉर्ज ब्राऊन संपाच्या विरोधात ठाम उभे राहिले आणि संपाच्या पुढाऱ्यांना अटक झाली. ब्राऊन हे पंतप्रधान मॅक्डोनल्ड यांचे कट्टर राजकीय विरोधक. मॅक्डोनल्ड यांनी संधी साधली आणि त्याच वर्षी कामगार संघटनांना कायद्याची मान्यता दिली. आपण सप्टेंबरात लेबर डेची सुट्टी घेतो, ती १८९४ सालापासून देशभर सुरू झाली.

हे घडत होते त्याच सुमारास आपल्या मुंबईतही असाच लढा चालू होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली 'बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन' स्थापन केली आणि १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. पण याच गिरणगावाने 'बदली कामगार' हा प्रकारही पाहिला. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या जागी काम मिळायचे, नाहीतर घरची वाट धरायची. माग तोच, सूत तेच, घामही तोच. पण कायम कामगाराचे हक्क मात्र बदलीला नाहीत. १९८२ च्या गिरणी संपात बदली कामगारांना कायम करा, ही एक मागणी होती. बदली म्हणजे पार्टटाइम नव्हे हे खरे. पण एकाच कामावर दोन पायऱ्यांची माणसे असू शकतात, हे मराठी माणसाला कॅनडात येऊन नव्याने शिकावे लागले नाही.

कॅनडात अर्धवेळ काम वाढले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. मोठमोठी दुकाने संध्याकाळी उशिरापर्यंत उघडी राहू लागली, बँका, दवाखाने, शाळा वाढल्या आणि लग्न झालेल्या स्त्रिया नोकरीला बाहेर पडल्या. १९९२ साली ऑन्टारिओत रविवारची खरेदी खुली झाली. लोखंडे यांनी शंभर वर्षांपूर्वी जो रविवार मिळवला, तोच इथे पार्टटाइमवाल्यांचा कामाचा दिवस झाला! आज कॅनडात नोकरी-धंदा करणाऱ्या दर पाच-सहा माणसांमागे एक अर्धवेळ काम करतो, आणि त्यांत स्त्रिया पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त आहेत.

आता अर्धवेळ म्हणजे किती वेळ? स्टॅटिस्टिक्स कॅनडाच्या हिशेबात मुख्य नोकरीत आठवड्याला ३० तासांपेक्षा कमी काम म्हणजे पार्टटाइम. पण ही रेघ मोजणीसाठी आहे, हक्कांसाठी नाही. ऑन्टारिओच्या एम्प्लॉयमेंट स्टँडर्ड्स ॲक्टमध्ये सुट्टीचा पगार, सणाच्या सुट्टीचे पैसे, ओव्हरटाइम हे हक्क पार्टटाइम आहे म्हणून कुणाचे काढून घेतलेले नाहीत. किमान वेतनही तेच. फक्त १८ वर्षांखालच्या, शाळा चालू असताना २८ तासांपर्यंत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडा कमी दर आहे. मग फरक पडतो कुठे? तो पडतो औषधांचा आणि दातांचा विमा, कंपनीचे पेन्शन, बढती, आणि पुढच्या आठवड्यात किती तास मिळणार याची खात्री, या गोष्टींत. यातल्या बहुतेक गोष्टी कायद्याने नव्हे, मालकाच्या मर्जीने किंवा युनियनच्या करारातून मिळतात.

ही दरी प्रथम सरकारदरबारी नीट मांडली गेली ती जोन वॉलेस यांच्या आयोगामुळे. त्यांचा अहवाल १९८३ साली प्रसिद्ध झाला. जितके तास तितक्या प्रमाणात सवलती द्या, हे त्यातले मुख्य सूत्र. सगळ्या शिफारशी अमलात आल्या नाहीत, पण १९८० च्या दशकातच पेन्शनच्या कायद्यांत बदल झाले आणि दोन वर्षे ठरावीक कमाई करणाऱ्या पार्टटाइम माणसाला कंपनीच्या पेन्शन योजनेत शिरण्याचा हक्क मिळाला. सस्कॅचेवान प्रांताने १९९० च्या दशकात आणखी पुढे जाऊन ठरावीक तास काम करणाऱ्यांना प्रमाणात सवलती देणे मोठ्या मालकांना बंधनकारक केले.

बेकारी विम्याची गोष्टही अशीच. १९९६ पर्यंत आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी आणि ठरावीक रकमेहून कमी पगाराची नोकरी विम्याच्या हिशेबात धरत नसत. म्हणजे एखादी बाई दोन दुकानांत चौदा-चौदा तास राबली, तरी हिशेबी शून्य! जानेवारी १९९७ पासून प्रत्येक तास मोजला जाऊ लागला. मात्र नव्याने नोकरीला लागणाऱ्याला ९१० तास भरावे लागत. आठवड्याला १५ तासांनी ते भरायला साठाहून अधिक आठवडे लागतात, आणि वर्षाचे आठवडे बावन्नच! नवीन आलेल्या आपल्यासारख्यांना ही अट फार जाचक होती. ती २०१६ साली रद्द झाली.

ऑन्टारिओत तर कायदा आला आणि गेलाही. समान कामाला समान दर, मग नोकरी पार्टटाइम असो वा हंगामी, अशी तरतूद १ एप्रिल २०१८ रोजी लागू झाली. जून महिन्यात सरकार बदलले आणि १ जानेवारी २०१९ पासून ती तरतूद उरली नाही. जेमतेम नऊ महिने!

या इतिहासातले सर्वांत बोलके प्रकरण आरसीएमपी या पोलीस दलातले आहे. दलाने १९९७ साली 'जॉब शेअरिंग' सुरू केले. म्हणजे एक नोकरी दोघांनी वाटून घ्यायची. ती घेणाऱ्या बहुतेक सगळ्या लहान मुलांच्या आया होत्या. दलात असा नियम होता की पूर्ण बिनपगारी रजेवर गेलेल्याला नंतर पैसे भरून तो काळ पेन्शनमध्ये धरून घेता येई. पण जॉब शेअरिंगमध्ये कमी झालेले तास मात्र तसे भरून काढता येत नसत. थोडक्यात, जी मुळीच कामावर आली नाही तिला वाट होती, आणि जी घर सांभाळून अर्धे दिवस कामावर आली तिला नव्हती. जोआन फ्रेझर आणि त्यांच्या दोन सहकारी स्त्रिया कोर्टात गेल्या. खालच्या दोन्ही न्यायालयांत हरल्या. १६ ऑक्टोबर २०२० रोजी सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. नियम वरकरणी सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार बायकांवर पडत असेल तर तो भेदभावच, असे न्यायमूर्ती रोझॅली अबेला यांनी बहुमताच्या निकालात स्पष्ट केले.

गंमत अशी की आपल्यातल्या बहुतेकांना कॅनडाचे दार ज्या खात्याने उघडले, त्या इमिग्रेशन खात्याला हे गणित केव्हाच उमगले आहे. फेडरल स्किल्ड वर्करचा एक वर्षाचा अनुभव मोजताना आठवड्याला ३० तास एक वर्ष किंवा १५ तास दोन वर्षे, दोन्ही सारखेच धरतात. बेरीज तीच, १५६० तास. तासाचे मोल माणूस अर्धा दिवस येतो की पूर्ण दिवस यावर ठरत नाही, हे तिथे मान्य आहे. मग ते पगारपत्रकावर आणि पेन्शनमध्ये का मान्य नसावे?

आपल्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी भगिनींनी हातात पदवी असताना मुले लहान म्हणून दुकानात, बँकेत, लायब्ररीत अर्धवेळ काम केले. त्या कमाईत घराचे हप्ते गेले, मुलांची शिक्षणे झाली. निवृत्तीनंतर येणारा कॅनडा पेन्शन प्लॅनचा चेक मात्र त्या तासांच्याच मापाने लहान असतो. मुले सात वर्षांची होईपर्यंतचा कमी कमाईचा काळ या पेन्शनच्या हिशेबातून वगळून मागता येतो. पण तो अर्जात मागावा लागतो. मागितला नसेल तर चौकशी जरूर करावी.

आणि आज इथे शिकायला येणारी आपली मुले-मुली? शाळा-कॉलेज चालू असताना त्यांना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येते. ही मर्यादा नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. त्यांनी आपल्या तासांची नोंद स्वतःजवळ ठेवावी, पगाराच्या चिठ्ठ्या जपाव्यात आणि दोन वर्षे एकाच ठिकाणी झाली की "पेन्शन योजनेत मला घेता का?" हे न लाजता विचारावे. १८७२ च्या छापखान्यापासून २०२० च्या सुप्रीम कोर्टापर्यंत इतिहास एवढेच सांगतो की इथे जे मिळाले ते कुणीतरी विचारले म्हणून मिळाले. तेव्हा पुढच्या वेळी कुणी "काय करता?" असे विचारले, तर 'तसं काही नाही' हे शब्द गाळून फक्त कामाचे नाव सांगूया.