घरी आणि घरून : म्हसवडच्या मागावरून एक विचार

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि कचेऱ्यांतील असंख्य नोकरदार घरात बसून काम करू लागले. पुढे काही दिवस कचेरीत व काही दिवस घरी अशी संमिश्र पद्धती अनेक ठिकाणी रूढ झाली. हा प्रकार अपूर्व मानण्याकडे आपला कल असतो. वस्तुतः घर व काम यांची फारकत हीच आपल्याकडे अलीकडची गोष्ट होय. म्हसवडच्या घोंगडी विणकामाचे उदाहरण व भाषेत उरलेल्या काही खुणा यांच्या आधारे प्रस्तुत टिपणात तिचा विचार करावयाचा आहे.

माणगंगेच्या काठचे म्हसवड पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते. शेती बेभरवशाची, म्हणून मेंढपाळीला महत्त्व. लोकर धनगरांच्या मेंढ्यांची. सूत बहुधा स्त्रियांनी चरख्यावर कातलेले. ताण्याला चिंचोक्याची खळ. आणि विणकाम सनगरांच्या घरातील खड्डामागावर. जेथे चूल तेथेच माग. तयार घोंगडे मात्र आठवडे बाजारात किंवा सिद्धनाथाच्या मार्गशीर्षातील यात्रेत जाई. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. घोंगड्याचे मोल विणकराच्या हाती पडे. सूतकताई व खळ लावणे हे स्त्रीचे श्रम घरकामात जमा होत आणि त्यांचा निराळा हिशेब होत नसे.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. पुढील काळात गिरण्यांना मनुष्यबळ पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीप्रमाणेच साताराही होता. या स्थित्यंतराची नोंद क्रियापदांत सापडते. विणकर मागावर ‘बसतो’. गिरणीकामगार कामावर ‘जातो’, आणि संध्याकाळी गिरणी ‘सुटते’. माग कधी ‘सुटत’ नाही. ‘कारखाना’ या फारसी शब्दात ‘खाना’ म्हणजे घर किंवा स्थान. कामाला घराबाहेर नेणाऱ्या संस्थेच्या नावातच घर राहून गेले, हा योगायोग मनोरंजक आहे. गिरणीने कष्ट वाढविले हे खरे. परंतु भोंग्यामुळे कामाच्या वेळेला सीमा पडली, आणि सीमा दिसू लागल्यावरच तिच्याविषयी कायदा करता आला. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने बालकामगारांच्या तासांवर बंधन घातले. १९४८ च्या कायद्याने प्रौढांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठरविली.

आता आजच्या शब्दप्रयोगाकडे वळू. आपण ‘घरी काम’ म्हणत नाही, ‘घरून काम’ म्हणतो. पहिल्या प्रयोगात सप्तमी आहे, दुसऱ्यात पंचमीचा अर्थ. घर हे कामाचे स्थान नव्हे, तर काम जेथून धाडले जाते ते ठिकाण; कामाचे केंद्र अन्यत्रच राहते. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. प्रवासाचा शीण वाचला, गावी राहता आले, हे लाभ खरेच आहेत. परंतु खोली, वीज व शांतता घराची खर्ची पडते आणि वेळेचे नियमन दूरच्या कचेरीकडे राहते. शिवाय घरातील स्त्री नोकरदार असली, तर चूल व नोकरी एकाच छताखाली येऊन तिचे दोन्हीकडचे श्रम एकमेकांत मिसळतात. मागाची न सुटणारी वेळ परत येते. मागावरची मालकी मात्र परत येत नाही.

घरातील श्रमाला कायद्याची दृष्टी लाभणे अशक्य नाही, हेही इतिहास दाखवितो. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने कच्चा माल नेऊन घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले होते. काम कोठे होते यापेक्षा ते कोणासाठी होते, हा निकष त्यात महत्त्वाचा ठरला.

संमिश्र पद्धतीची चर्चा बहुधा कचेरीत किती दिवस यावे या प्रश्नाशी थांबते. म्हसवडचा माग त्याहून मूलभूत प्रश्न पुढे ठेवतो : घरात केलेले काम केव्हा सुटते, आणि त्यात कोणाकोणाचे श्रम मोजले जातात? या दोहोंची उत्तरे निश्चित झाल्याखेरीज दिवसांची वाटणी न्याय्य झाली असे म्हणता येणार नाही.