शून्याआड लपलेला परवाना

संगणकाच्या पडद्यावर चित्रे उमटतात आणि आपण कामाला लागतो. पण त्या चित्रांच्या पाठीमागे एक गाभा राबत असतो. त्याला 'कर्नल' म्हणतात. यंत्राच्या प्रत्येक अवयवाला हुकूम जातो तो त्याच्याच हातून. लिनक्स हा असाच एक गाभा. आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही तोच आहे. त्याच्या इतिहासातील एका चिठ्ठीची हकिगत मला सांगायची आहे.

हेलसिंकीच्या लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये हा गाभा रचला आणि १९९२ मध्ये त्याला जीपीएल हा परवाना लावला. त्याचे मर्म असे, की प्रोग्राम हवा त्याने घ्यावा, बदलावा, विकावाही. मात्र दुसऱ्याला देताना त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असे मूळ लेखन, त्याच मोकळिकीने द्यावे.

गाभा चालू असतानाच त्याला जोडता येणारे तुकडे म्हणजे मॉड्यूल. एकदा जोडला, की तुकडा गाभ्याइतकाच समर्थ होतो, आणि त्याची चूक भलतीकडेच जाऊन फुटते. काही कंपन्या आपली मॉड्यूल मूळ लेखनावाचून देत. यंत्र कोलमडले की तक्रार मात्र गाभ्याच्या कर्त्यांकडे! कुलूपबंद खोलीतली गळती बाहेरून कोणी शोधावी?

म्हणून २००१ साली मॉड्यूलच्या अंगावर परवान्याची चिठ्ठी आली: 'जीपीएल', 'ड्युअल बीएसडी/जीपीएल', 'प्रोप्रायटरी' अशी. परवाना बंदिस्त असला किंवा चिठ्ठीच नसली, तर गाभा स्वतःवर 'टेन्टेड' अशी खूण करून घेतो. मी तर त्याला ओवळाच म्हणेन. जुन्या घरांतल्या सोवळ्याची रीत येथे हुबेहूब आहे: तो तुकडा काढून टाकला तरी ओवळेपण जात नाही, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, म्हणजे स्नान घडावे, तेव्हाच ते फिटते. ओवळ्या गाभ्याची तक्रार कर्ते बहुधा हाती घेत नाहीत. त्याच सुमारास गाभ्याची काही दारेही अशी झाली, की जीपीएलची चिठ्ठी पाहिल्यावाचून उघडत नाहीत.

गंमत ही, की चिठ्ठी लिहितो मॉड्यूलचा कर्ताच.

२००४ मध्ये लिनक्सअँट कंपनीच्या मोडेमच्या मॉड्यूलवरील चिठ्ठी 'जीपीएल' अशीच सुरू होई. पुढे डोळ्यांना न दिसणारे एक शून्य-अक्षर होते, आणि त्यानंतर मजकूर असा, की जीपीएल फक्त अमक्या फोल्डरातील फाइलींना. बाकीच्यांचा परवाना निराळा. सी भाषेत शून्य-अक्षर आले की वाक्य संपले. गाभ्याने 'जीपीएल' एवढेच वाचले आणि मान डोलावली. धर्मराजाने अश्वत्थाम्याची बातमी सांगितली तेव्हा पुढचे शब्द शंखनादात बुडाले. येथे शंखाचे काम शून्याने केले.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांची मॉड्यूल अनेक; प्रत्येकागणिक तोच इशारा उमटे आणि ग्राहक गोंधळत. ही सबब मला अगदीच पोकळ वाटत नाही. पण ग्राहकाला चार शब्दांत समजावता आले असते. जो दुसऱ्याच्या यंत्रातला दोष शोधायला फुकट रात्र जागवतो, त्याला यात बंद खोली आहे एवढे तरी खरे कळायला नको काय?

२०२० मध्ये आणखी एक पळवाट बुजली. जीपीएलची चिठ्ठी लावलेला तुकडा मध्यस्थ म्हणून पुढे करायचा आणि बंदिस्त मॉड्यूलची आतल्या दारांशी गाठ घालून द्यायची, अशी ती युक्ती. आता बंदिस्ताशी असा व्यवहार करणारा मध्यस्थही ओवळा ठरतो आणि ती दारे त्याला मिटतात. चिठ्ठी मात्र अजूनही ज्याची त्यानेच लिहायची असते.