करवीरच्या रुमालांतील राज्य

कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात येणारा पाहुणा बहुधा एका लहानशा मूर्तीपाशी थबकतो. वीतभरही उंची नसलेली ही कांस्यमूर्ती ग्रीकांच्या सागरदेवाची, पोसायडनची आहे. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तेथे १९४४-४५ च्या सुमारास राजाराम महाविद्यालयातील प्रा. के. जी. कुंदणगार यांना जो कांस्यसंचय हाती लागला, त्यातली ही मूर्ती. पुढे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सातवाहनकालीन कोल्हापूरचा रोमन जगाशी व्यापारी संबंध होता, ही गोष्ट त्यामुळे पुस्तकी न राहता डोळ्यांना दिसू लागली. या वस्तूंसाठीच १९४६ मध्ये संग्रहालय निघाले आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलच्या गॉथिक वळणाच्या देखण्या इमारतीत आले.

मूर्ती काचेआडून पाहता येते. कागदाचे तसे नाही. तो वाचावा लागतो, आणि न वाचलेला कागद हा लाकडी फळीवरचा एक भार असतो. कोल्हापूरची खरी श्रीमंती मात्र या भारातच आहे. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा गादीबरोबर दफ्तरेही मागे राहिली. सनदा, इनामपत्रे, महजर, कैफियती, ताळेबंद, हुजूर कचेरीचे हुकूम, इंग्रज अधिकाऱ्यांशी झालेला पत्रव्यवहार, असा हा पसारा आहे. त्यातला मोठा भाग राज्य शासनाच्या कोल्हापूर पुराभिलेखागाराकडे आहे.

जुने कागद ज्या कापडात बांधून ठेवीत त्याला रुमाल म्हणतात. रुमाल सोडला की प्रथम अडचण येते ती मोडीची. मोडी लिहिणारा कारकून बोरू सहसा उचलीत नसे. शब्दांमध्ये अंतर सोडीत नसे. ऱ्हस्वदीर्घाचा विचार त्याच्या गावी नसे. लिपी साधली तरी तारीख आडवी येते. ‘इहिदे’, ‘इसन्ने’, ‘सलास’ अशा अरबी संख्यावाचक शब्दांत शुहूर सन दिलेला असतो. तो मृगाला सुरू होतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे तेव्हा इसवी सन निघतो. काही कागदांवर १६७४ पासून मोजलेला राज्याभिषेक शक असतो. मजकूर संपला की ‘लेखनसीमा’ हा शिक्का उठतो, म्हणजे त्याखाली कोणी दोन ओळी घुसडू नयेत. लबाडी जुनीच आहे आणि तिच्यावरचा इलाजही.

या दफ्तरांना वाचक मिळवून देण्याचे मोठे श्रेय डॉ. अप्पासाहेब पवार यांना द्यावे लागेल. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू. कुलगुरूच्या खुर्चीत बसून मोडी कागद चाळणारे गृहस्थ विरळाच. त्यांनी ‘ताराबाईकालीन कागदपत्रे’ खंडशः संपादित केली. त्यापूर्वी ताराबाईंची गोष्ट प्रामुख्याने सातारकर शाहू आणि पेशवे यांच्या बाजूने सांगितली जाई. हट्टी, महत्त्वाकांक्षी विधवा हे त्यातले त्यांचे रूप. राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर, १७०० पासून, औरंगजेबाशी चाललेला लढा ज्या बाईने पेलला, तिची आज्ञापत्रे समोर आली तेव्हा या चित्राला दुसरी बाजू मिळाली. पन्हाळ्यावर निराळी गादी उभी राहिली आणि १७३१ च्या वारणेच्या तहाने तिला मान्यता मिळाली, हा सारा काळ स्वतःच्या कागदांतून बोलू लागला. विजेत्याचे दफ्तर जपले जाते, हरलेल्याचे विखुरते. करवीरचे टिकले हे आपले भाग्यच.

तरीही या दफ्तरात मौनाच्या जागा आहेत. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरातील २७ व्या पलटणीने बंड केले. डिसेंबरात शहरात पुन्हा उठाव झाला. छत्रपतींचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर संशय येऊन त्यांना कराचीस धाडण्यात आले व तेथेच १८६९ मध्ये त्यांचा अंत झाला. बंड मोडणाऱ्या ले ग्रँड जेकब याने या हकिकतीवर पुस्तकच लिहिले. ज्यांना तोफेच्या तोंडी दिले वा फाशी दिले, त्यांना लिहिण्यास कोणी कागद दिला नव्हता. संशोधकाने हा तोल स्वतःच ध्यानात ठेवायचा असतो.

राजर्षी शाहू महाराजांच्या काळाकडे वळले की कागदांचे स्वरूप पालटते. छापील गॅझेट येते, टंकलिखित पत्रे येतात. २६ जुलै १९०२ चा हुकूम तर आज सर्वांना ठाऊक आहे: महाराज विलायतेत असताना निघालेला, रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासवर्गीयांनी भराव्यात असे सांगणारा. पण त्यातले एक कलम सहसा कोणी उद्धृत करीत नाही. प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचा तपशील दर तिमाहीस सादर करावा, असे ते कलम आहे. मला या हुकुमातील सर्वांत दूरदर्शी भाग हाच वाटतो. सदिच्छा जाहीर करणे सोपे. तिचा हिशेब मागणारा राजा क्वचितच भेटतो.

कागद कोणाच्या हाती, हा प्रश्न महाराजांनी अखेरपर्यंत सोडला नाही. गावचे दफ्तर पिढ्यान्‌पिढ्या कुलकर्ण्याच्या घरी असे. जमिनीचा सारा, वारसाची नोंद, कर्जाचा दाखला हे सारे त्याच्या मोडीत. ज्याला ती वाचता येत नाही त्याने अंगठा उठवायचा. १९१७ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण आणि १९१८ मध्ये कुलकर्णी वतनाची समाप्ती, हे दोन निर्णय म्हणूनच एकत्र वाचावेत. वतनदाराच्या जागी पगारी तलाठी आला, आणि या जागांवर अस्पृश्य समाजातील माणसेही नेमली गेली. या काळातील कागदपत्रांचा पहिला खंड अप्पासाहेबांच्याच संपादनाखाली १९७८ मध्ये निघाला व हे काम पुढे इतरांनी चालविले.

कोल्हापूरचे सारे कागद कोल्हापुरातच आहेत असे मात्र नव्हे. मराठ्यांच्या इतिहासाची पुष्कळ साधने पणजीच्या अभिलेखागारात पोर्तुगीज भाषेत पडून होती. १५९५ मध्ये दियोगु द कौतु या इतिहासकाराच्या हाती सोपविलेल्या त्या दफ्तरातून पां. स. पिसुर्लेकरांनी ती उजेडात आणली. लंडनमध्येही कोल्हापूरसंबंधी कागद आहेत.

आणि एक कागद तर राजानेच परदेशी लिहिला. तरुण राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपच्या प्रवासास गेले, तेव्हा ते इंग्रजीत रोजनिशी ठेवीत. ३० नोव्हेंबर रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे, अवघ्या विसाव्या वर्षी, ते वारले. एडवर्ड वेस्ट याने ती रोजनिशी संपादून १८७२ मध्ये छापली. आर्नो नदीकाठी जेथे त्यांचे दहन झाले तेथे १८७४ मध्ये छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट याचा. कोल्हापूरचा टाऊन हॉलही त्याच सुमारास त्याच्याच आराखड्यावरून बांधला जात होता.