लखनभैया बनावट चकमक प्रकरण

रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया याला ११ नोव्हेंबर २००६ रोजी पोलिसांनी ठार केल्याचे मुंबई उपनगरातील प्रकरण. पोलिसांच्या हातून झालेल्या बनावट चकमकीबद्दल पोलिसांनाच जन्मठेप झाल्यामुळे या खटल्याला मुंबईच्या न्यायेतिहासात महत्त्व आहे.

घटना : दुपारी गुप्ता आणि त्याचा एक मित्र यांना वाशीतून उचलण्यात आले. त्याच रात्री अंधेरी (पश्चिम) येथील वर्सोव्याच्या नाना-नानी पार्कजवळ चकमकीत गुप्ता मारला गेला, असे पोलिसांनी जाहीर केले. मात्र त्याचे भाऊ, वकील रामप्रसाद गुप्ता यांनी चकमकीची वेळ होण्याआधीच, दुपारी, वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा व फॅक्स पाठवून भावाच्या जिवाला धोका असल्याचे कळवले होते. त्यांवरील वेळेच्या नोंदी पुढे मोलाचा पुरावा ठरल्या.

न्यायालयीन लढा : रामप्रसाद यांच्या याचिकेवरून मुंबई उच्च न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांकरवी चौकशी करवली. गुप्ताचा मृत्यू पोलिसांच्या ताब्यात असताना झाला, असा निष्कर्ष २००८ मध्ये त्या चौकशीतून निघाला. ऑगस्ट २००९ मध्ये न्यायालयाने गुन्हा नोंदवून विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला. उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना पथकाचे प्रमुख होते. गुप्तासोबत उचलला गेलेला मित्र हा खटल्यातील कळीचा साक्षीदार होता. मार्च २०११ मध्ये, साक्षीला काही दिवस उरले असताना, तो बेपत्ता झाला आणि नंतर त्याचा मृतदेह सापडला. त्याचे मारेकरी अद्याप सापडले नाहीत, ही शरमेची बाब असल्याचे उच्च न्यायालयाने २०२४ च्या निकालात नमूद केले.

निकाल : जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप सुनावली, याच खटल्यातील आरोपी असलेले माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा मात्र निर्दोष सुटले. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या न्या. रेवती मोहिते-डेरे व न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने ती निर्दोष मुक्तता रद्द करून शर्मा यांना जन्मठेप दिली, १२ पोलीस व एका खासगी व्यक्तीची शिक्षा कायम ठेवली आणि सहा खासगी आरोपींना मुक्त केले. दोन दोषींचे दरम्यान निधन झाले होते. शर्मा यांनी या निकालाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले.

महत्त्व : मुंबईतील चकमकींवरूनच दाखल झालेल्या, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) या संघटनेच्या वेगळ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये १६ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. चकमकीत मृत्यू झाल्यास गुन्हा नोंदवणे, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकारी चौकशी त्यांनुसार आवश्यक ठरली. मृत व्यक्तीवर गुन्हे दाखल असले, तरी तिला ठार करण्याचा अधिकार पोलिसांना मिळत नाही, हे लखनभैया प्रकरणाने ठामपणे अधोरेखित केले. त्यासाठी भावाला मात्र सतरा वर्षांहून अधिक काळ न्यायालयात झगडावे लागले.