घुग्घुसमधील घरविक्री : मलम्यापासून भूगर्भापर्यंत

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस हे वर्धा खोऱ्यातले कोळशाचे गाव. घरविक्रीत नेमके काय विकले जाते आणि दर कशावर ठरतो, हे इथे जमिनीवरच्या हक्काबरोबर बदलत गेले.

1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. पुढच्या जमाबंदीत गावांची मालकी मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्यांना, मिळाली आणि शेतीबरोबर आबादीची, म्हणजे वस्तीची जागाही त्यांच्याकडे गेली. रयत आणि गावकामगार यांना आबादीत घर बांधून राहता येई. गावाचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये नोंदलेले असत. जागा आपली नसल्यामुळे घर विकणे म्हणजे मुख्यतः मलमा, म्हणजे घराचे बांधकाम-साहित्य, विकणे. माती-कुडाच्या भिंतींना फारसे मोल नव्हते. घर किती खणांचे, सागवानी खांब नि म्याली (आडव्या तुळया) किती, त्यांना वाळवी लागली आहे का, छपरावर कवेलू किती शाबूत, हे पाहून आकडा निघे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने 100 रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच करण्याचे बंधन घातले. त्याखालच्या किमतीचे घर नुसता ताबा देऊनही विकता येई. त्यामुळे पंचांसमोरचा साधा कागद खेड्यात बराच काळ टिकला.

1870 च्या सुमारास घुग्घुस परिसरात कोळसा सापडला आणि पुढे भूमिगत खाणी झाल्या. खाणींमागून कामगार आले आणि जागेला मागणी आली. 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली. आबादीतील घरे ज्यांच्या ताब्यात होती त्यांच्याकडेच राहिली आणि खालची जागाही शासनाने त्यांच्या नावे कायम करायची असे ठरले. आता मलम्याबरोबर जागाही विकली जाऊ लागली, दर चौरस फुटांत बोलला जाऊ लागला.

1973 मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि 1975 मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स ही सरकारी कोळसा कंपनी स्थापन झाली. सिमेंट आणि लोखंडाचे कारखानेही आले. कंपनीचे क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावे लागते, म्हणून नोकरी असतानाच प्लॉट घेऊन ठेवणारा कामगार हा इथला ठरावीक ग्राहक. विकणारा आधी घर रंगवतो, गळते छप्पर दुरुस्त करतो, थकलेला घरकर आणि वीजबिल भरतो. कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरवतो आणि वारसांच्या संमती गोळा करतो. दलाल दोन्ही बाजूंचे आकडे ऐकून घेतो. सौदा जुळला की बयाना देऊन इसारपत्र होते; त्यात मुदत आणि चतुःसीमा लिहितात. चतुःसीमेत पूर्वेला रस्ता की शेजाऱ्याची भिंत, एवढ्यावरही भाव वरखाली होतो. शेवटी दुय्यम निबंधकाकडे रजिस्ट्री होते. मुद्रांक शुल्क ठरलेल्या रकमेवर किंवा शासनाच्या बाजारमूल्य दरावर, यांपैकी जे अधिक असेल त्यावर लागते. म्हणून सौदा करताना हा दर आधी पाहिला जातो.

कागदांतही प्रतवारी आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये नाव असणे हा कर आकारणीचा पुरावा, मालकीचा नव्हे. तरीही खेड्यांत कित्येक सौदे त्याच्या भरवशावर झाले. आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा अकृषक आदेश असलेल्या प्लॉटला भाव जास्त मिळतो. शेतात विनापरवाना पाडलेला प्लॉट स्वस्त, पण त्यावर बँकेचे कर्ज मिळणे अवघड. 2020 च्या अखेरीस घुग्घुसला नगर परिषद झाली आणि घराची करनोंद पंचायतीच्या दप्तरातून तिच्याकडे गेली.

कोळसा क्षेत्रात आणखी एक प्रश्न असतो. 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र संपादन कायद्याखाली अंतिम घोषणा झाली की जमीन केंद्र शासनाची होते. त्यानंतर मूळ मालकाकडे विकण्यासारखे काही उरत नाही. उरतो तो मोबदल्याचा हक्क. म्हणून परिसरात अधिसूचना निघाली आहे का, याची चौकशी सौद्याआधी करावी लागते.

26 ऑगस्ट 2022 रोजी अमराई वॉर्डातील एक घर पाहता पाहता जमिनीत खोल गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडल्याने वाचली. जुन्या भूमिगत खाणीवरची ही वस्ती असल्याने आसपासच्या शंभराहून अधिक कुटुंबांना हलवावे लागले. खरेदीदाराला साध्या पाहणीत न दिसणारा, पण विक्रेत्याला ठाऊक असलेला गंभीर दोष सांगणे 1882 च्या कायद्याच्या कलम 55 नुसार विक्रेत्यावर बंधनकारक आहे. जमिनीखालची पोकळी हा असाच दोष. त्यामुळे घुग्घुसमध्ये घर घेताना आखीव पत्रिकेइतकाच खाणीचा जुना नकाशाही महत्त्वाचा ठरतो.